हं, बोल माय

प्रिय बाबा,

आज सकाळी मोबाईल स्टँडवर लावला, टेबलावर अस्तराचं कापड पसरलं, टेप गळ्यात अडकवला, आणि तेवढ्यात समोरच्या कुळकर्णी आजी गेल्याचं कळलं. मी मोबाईल काढून ठेवला आणि मशीनवर कव्हर टाकलं. ज्या घरी माणूस गेलंय त्या घरासमोर आपला आवाज बंद, हा तुमचा नियम. तुमच्या पुकारायच्या भोंग्याला होता तसा तो मोबाईललाही लागू असणार, असं मी धरून चालले आहे.

आजींकडे जाऊन आले. त्यांचा मुलगा नागपूरहून निघालाय, म्हणजे दुपारपर्यंत सगळे थांबलेले. घरात नुसतं बसून काय करणार? म्हणून हा खाकी कागद पुढे ओढला. पेपर कटिंगचाच आहे. कोपऱ्यात बाहीचा अर्धा मुंढा काढलेला दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका.

खरं तर आज अकरा आठवड्यांनी मी पहिला व्हिडिओ करणार होते. तुम्ही गेल्यापासून एकही केला नाही. करायला बसायचे, लाल बटण दाबायचे, आणि तोंडातून शब्दच निघायचा नाही. मी, जिला तुम्ही लहानपणापासून बडबडी म्हणत आलात! तो का निघत नव्हता ते मला मागच्या आठवड्यात कळलं. ते तुम्हालाच सांगायचं आहे, दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

तुमचं काम तुम्हालाच काय सांगू? पण सांगते, कारण अलीकडे मी ते फार आठवते. चाळीस वर्षं तुम्ही रहीमभाईंच्या ऑटोत मागे बसून, हातात माईक घेऊन पुसदच्या गल्ल्यांमधून पुकारत फिरलात. साड्यांचा सेल, दातांचं शिबिर, सर्कस, नळाला पाणी कधी येणार, कुणाची म्हैस सुटली. गावाने तुम्हाला पाहिलं कमी, ऐकलं जास्त. भाजी घ्यायला गेलात आणि "अर्धा किलो द्या" म्हणालात की भाजीवाली मान वर करून हसायची. आवाजावरून ओळखायची.

मला मात्र शाळेत त्या आवाजाची लाज वाटायची. हे तुम्हाला माहीत होतं का? वर्ग चालू असताना लांबून भोंगा यायचा. आधी माईकवर नखाने टक टक, मग फुंकर, मग तुम्ही. शाळा जवळ आली की तुम्ही आवाज बारीक करायचात, पण मागच्या बाकावरच्या मुली तेवढ्यात म्हणून घ्यायच्याच, "भोंग्याची पोरगी." मी वहीत तोंड घालायचे आणि घरी येऊन तुमच्याशी कारण नसताना भांडायचे. तुम्ही आईला विचारायचात, "हिले काय झालं?" आई म्हणायची, भूक लागली असेल.

मग मेमरी कार्ड आलं. दुकानदार कुठूनतरी गोड आवाजातली जाहिरात भरून आणायचे, ऑटोवाला कार्ड लावून फिरायचा, पुकारणारा माणूस लागायचाच नाही. तुम्हालाही ते म्हणाले की काका, तुमच्याच आवाजात एकदा भरून द्या. तुम्ही ऐकलं नाहीत. मी किती वाद घातला तुमच्याशी! तुमचं एकच म्हणणं होतं, "रेकॉर्डले डोळे असते काय? मयत दिसली त थे चूप होते काय? दवाखाना आला त थांबते काय?" आणि हळूहळू तुम्हाला कुणी बोलवेनासं झालं. आई तोवर गेलेली होती. तुम्ही माझ्याकडे राहायला आलात आणि दिवसभर पुढच्या खोलीत बसून पेपर मोठ्याने वाचू लागलात. माझ्या शिवणक्लासच्या बायकांना तालुक्यातल्या सगळ्या बातम्या पाठ झाल्या.

चॅनल सुरू झालं तेही काही ठरवून नाही. क्लासमधल्या मनीषाचं लग्न झालं, ती उमरखेडला गेली आणि तिथून फोन करून म्हणाली, "ताई, कटोरी ब्लाऊजचं माप विसरली मी. एकदा व्हिडिओ करून पाठवा ना." मोबाईल धरायला कुणीतरी हवं होतं. तुम्ही पेपरमधून डोकं वर काढलंत आणि म्हणालात, "आण इकडं."

तुम्ही काय केलंत आठवतं? मोबाईल तोंडाजवळ नेलात, खालच्या बारीक भोकावर नखाने टक टक केलंत, फुंकर मारलीत, मग तो माझ्याकडे धरून म्हणालात, "हं, बोल माय."

मी म्हटलं, बाबा, याला असं करावं लागत नाही.

"माईक हाय ना त्याच्यात? मंग?"

आणि मी बोलले. बोलले कसली, ओरडले. जन्मभर तुम्हाला ऐकलेलं, मला वाटलं व्हिडिओत असंच बोलतात. मनीषाने कळवलं की तिची सासू शेजारच्या घरून धावत आली, इथं कोण भांडतंय म्हणून.

मनीषानंतर तिच्या नणंदेला हवा झाला, मग नणंदेच्या मैत्रिणीला. प्रत्येकीला वेगळा कुठे पाठवत बसू म्हणून मी चॅनल उघडलं. पहिले कितीतरी दिवस पाहणारे मोजके, आणि त्यातले निम्मे आपण दोघंच. तुम्ही आंघोळीच्या आधी एकदा पाहायचात आणि नंतर एकदा. मला म्हणायचात, "वाढले वाटते दोन." मी कशाला सांगू की ते दोन्ही तुम्हीच आहात?

पेपर कटिंगसाठी आपण रद्दी वापरायचो. त्यातही तुमची तपासणी. मी पान पसरलं की तुम्ही ते उचलून दोन्ही बाजूंनी पाहायचात. देवाचा फोटो असला तर बाजूला. निधनाच्या बातम्यांचं पान असलं तर तेही बाजूला. "माणसाच्या तोंडावरून कात्री नको चालवू," म्हणायचात. एकदा आठवड्याच्या रद्दीत एकही पान तुमच्या पसंतीस उतरलं नाही, तेव्हा मी चिडून हा खाकी कागद आणला. बघा, आज कामी आला.

हुकपट्टीचा घोटाळा तर तुम्ही विसरला नसालच. मला माझा चेहरा दिसावा म्हणून मी सेल्फीचा कॅमेरा लावला. आपल्या मोबाईलने सगळं आरशासारखं उलटं साठवलं, डावं ते उजवं. पाहताना ना मला कळलं, ना तुम्हाला. आठवड्याने बायकांचे निरोप यायला लागले की ताई, तुम्ही दाखवलं तसंच शिवलं, पण हूक उलट्या बाजूला आले. एकीने तर लग्नातला ब्लाऊज शिवला होता. मी तो व्हिडिओ गुपचूप काढून टाकायला निघाले होते. निदान कुणाला सापडणार तरी नाही!

तुम्ही माझ्या हातातून मोबाईल काढून घेतलात. आयुष्यात एकदाच तुम्ही दातांच्या शिबिराचा वार चुकीचा पुकारला होतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणी सांगायच्या आत त्याच गल्ल्यांमधून फिरून दुरुस्ती पुकारून आला होतात. ती गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती. तरी तुम्ही एकशे एकाव्यांदा सांगितलीत. "ज्या गल्लीत चूक सांगतली, त्याच गल्लीत दुरुस्ती सांगाची. दुसऱ्या गल्लीत सांगून कोणाले उपेग?"

मग मी तोच उलटा ब्लाऊज हातात धरून व्हिडिओ केला. म्हटलं, बायांनो, माझी चूक झाली, कॅमेरा उलटा होता, ज्यांनी शिवला त्यांनी पट्टी अशी उसवा आणि अशी परत लावा. मला वाटलं आता सगळ्या पळणार. पळाल्या नाहीत. त्या व्हिडिओपासूनच माणसं येऊ लागली. कुणीतरी लिहिलं, चूक कबूल करणारी शिंपीण पहिल्यांदा पाहिली. तुम्ही ते वाचून दुसरा चहा मागितलात.

पल्लवी, माझी नागपूरची मावसबहीण, अशाच चॅनलवाल्या एका ऑफिसात काम करते. ती जे शिकवते ते तुम्ही मला आधीच शिकवलं होतं, गंमत आहे की नाही? ती म्हणते, पहिल्या पाच सेकंदांत विषय सांगायचा. तुम्ही म्हणायचात, "बाई भाजी चिरून राह्यली हाय. तिले तुह्या नमस्काराची फुरसत नाही. काय शिवणार थे आधी सांग." ती म्हणते, कॅमेऱ्याकडे बघायचं. तुम्ही म्हणायचात, गावाकडे पाहून पुकारू नकोस, खिडकीतल्या एका बाईकडे पाहून पुकार. मी तेव्हापासून मोबाईलमागच्या भिंतीवर एक बाई मनात धरते. तिचे केस अर्धे विंचरलेले असतात.

आता ते सांगते, जे सांगायला मला जड जातंय.

एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, "मागे तो म्हातारा काय बडबडतो? त्याला बाहेर पाठवा." त्या दिवशी तुम्ही मधेच मला "अस्तर दाखव, अस्तर" म्हणाला होतात, आणि ते माझ्याकडून कापायचं राहिलं होतं. वाचून माझा चेहरा उतरला. राग त्या माणसाचा यायला हवा होता, बाबा. मला तुमचा आला. तीस वर्षांपूर्वीचा मागचा बाक पुन्हा माझ्यामागे येऊन बसला.

मी कॉलरला लावायचा माईक मागवला, व्हिडिओची कापाकापी नीट शिकून घेतली, त्या व्हिडिओतलं तुमचं वाक्यही कापून टाकलं, आणि तुम्हाला म्हटलं, "बाबा, आता तुम्ही नुसता मोबाईल धरा. बोलू नका. हा माईक फार बारीक आवाजही पकडतो."

तुम्ही हसलात. "बरं. भोंगा बंद," म्हणालात.

त्या दिवसापासून तुम्ही टक टक करणं सोडलंत आणि नुसतं बोट वर करायचात. बोट वर, की माझी बोलायला सुरुवात. व्हिडिओ स्वच्छ झाले, सगळे म्हणाले की आवाज काय छान येतोय आता. मी खूश होते. आपल्या घरात काय बंद झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही. तुम्ही एका शब्दाने का बोलला नाहीत? एरवी वरणात मीठ कमी पडलं तर गल्लीला कळायचं.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही गेलात. सकाळचा चहा अर्धा पिऊन, पेपर मांडीवर घेऊन. अंगणात माणसं जमली होती, तुम्हाला बाहेर आणून ठेवलं होतं, आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. रेकॉर्ड. गाद्या-उशांचा सेल. तुमच्या दारावरून तो गोड आवाज तसाच निघून जाणार होता, त्याला कुठे डोळे होते? मी उठणार तोच बाहेर आवाज थांबला.

नंतर कळलं, रहीमभाई गल्लीच्या वळणावर उभे होते. निरोप मिळाल्यापासून. भोंगा लावलेली प्रत्येक गाडी त्यांनी हात आडवा करून थांबवली, कार्ड काढायला लावलं आणि वळण ओलांडून गेल्यावरच लावू दिलं. मी त्यांना म्हटलं, आत या, दर्शन घ्या. ते म्हणाले, "बेटी, गली में मय्यत हो तो भाईजान मोड़ पर ही बंद करते थे माईक. आज मेरी बारी है." तुम्हाला नेईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

तेराव्या दिवसानंतर मला तुमचा आवाज ऐकावासा वाटला. सहज. आणि लक्षात आलं की तो कुठेच नाही. जाहिरात तुम्ही कधी भरून दिली नाहीत. फोनवर तुम्ही "हॅलो, देतो" म्हणून मला आणून द्यायचात. व्हिडिओंमधून मी तुम्हाला कापून काढलेलं, आणि जागा भरते म्हणून मूळ व्हिडिओ पुसून टाकलेले. ज्या माणसाला अख्ख्या गावाने चाळीस वर्षं ऐकलं, त्याचा आवाज त्याच्या मुलीकडे नव्हता. तुमच्यावर चिडू की माझ्यावर? दोघांवर चिडले. तेव्हापासून बटण दाबायचे आणि परत बंद करायचे.

पल्लवीने फोन करून समजावलं, "इतके आठवडे बंद ठेवलंस तर जमलेल्या बायका जातील. नव्याने सुरू कर. जुने पहिले व्हिडिओ काढून टाक, आवाज किती खराब आहे त्यांचा, सुरुवातीला काय ती टकटक येते. नवीन माणूस ते बघून परत जातो." मला पटलं. ती टकटक मला माहीत होती. सुरुवात नेमकी कुठे कापायची ते तेव्हा जमत नव्हतं, म्हणून ती राहून गेलेली. कोणते काढायचे त्यांची मी यादीसुद्धा केली. गुरुवारी दुपारी मोबाईल घेऊन बसले, आणि दारात रहीमभाईंची ऑटो थांबली.

थांबा, आलेच.

उठून गेले होते, बाबा. वळणावर भोंगा वाजला. मोबाईलच्या दुकानाची जाहिरात, आणि आजी तर अजून अंगणातच आहेत. चप्पल न घालता धावले आणि हात आडवा केला. ऑटोवाला म्हणाला, "ताई, कार्ड हाय, थांबत नाही." मी म्हटलं, बटण आहे ना? मग थांबतं. त्याने बंद केलं. तो गल्लीबाहेर जाईपर्यंत मी तिथेच उभी राहिले. ऊन चांगलंच लागलं. तुम्ही टोपी का घालायचात ते कळलं.

तर रहीमभाईंच्या ऑटोतून एक बाई उतरली. पंचविशीची, हातात कापडाची पिशवी. दिग्रसच्या पलीकडच्या तांड्यावरून एसटीने आली होती. नाव कविता. माझा पत्ता तिच्याकडे नव्हता. बसस्टँडवर तिने मोबाईलमधला माझा फोटो दाखवला तेव्हा कुणालाच ओळख पटली नाही, पण व्हिडिओ लावून विचारल्यावर त्यातली टक टक ऐकून रहीमभाई पुढे आले. ते तिला इतकंच म्हणाले, "चलो, घर मालूम है."

पिशवीतून तिने स्वतः शिवलेला कटोरी ब्लाऊज काढला. शिलाई सरळ, टक्स बरोबर जागी. बाहीला तेवढा झोल होता. तिने माझ्याकडून एक शब्द समोरासमोर न शिकता तो शिवला होता, आणि तांड्यावरच्या बायका आता तिच्याकडे कापड घेऊन येतात. मी बाही उसवून तिला मुंढ्याची गोलाई पुन्हा काढून दाखवली. ती पाहत होती आणि मधेमधे घरात इकडे तिकडे बघत होती. शेवटी तिने विचारलं, "ताई, थे बाबा नाही दिसून राह्यले?"

"कोणते बाबा?"

"बोल माय म्हणतेत थे."

मी म्हटलं, "तुला कसं माहीत? तो आवाज तर मी सगळा कापलाय."

"नाही ना ताई. हाय." तिने पिशवीतून इअरफोन काढले. "घरात सासू झोपते दुपारी, म्हणून मी हे लावूनच पाह्यते. असं नाही येत ऐकू. हे लावा."

तिने माझा अगदी पहिल्या काही दिवसांतला व्हिडिओ लावला. टक टक. फुंकर. आणि मग लांबून, अगदी बारीक, शेवटचा शब्द अर्धा तुटलेला, पण तुमचाच आवाज. हं, बोल माय.

मी तो तीनदा लावला. चौथ्यांदा मला बटण दिसेना. कविताने माझ्या हातातून मोबाईल घेऊन तो पुन्हा लावून दिला.

मग ती बोलायला लागली. "मले माह्या बापानं लहानपणापासून चूप बस म्हटलं. लग्न झाल्यावर नवराही तेच म्हणते. बोल असं कोणी म्हटलंच नाही. म्हणून मी व्हिडिओ लावला की आधी थे दोनदा ऐकते, मंग कात्री घेते." मग तिने विचारलं, "नंतरच्या व्हिडिओत काहून नाही बोलत थे? रुसले काय?"

बाबा, काय सांगायला हवं होतं मी तिला? की रुसायला त्यांना जागाच ठेवली नाही मी? की एका अनोळखी माणसाने बाहेर पाठवा म्हटलं आणि मी पाठवलं? मी तेच सांगितलं, जसंच्या तसं. तुम्ही गेल्याचंही सांगितलं. तिने ब्लाऊजची घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "माही याडी, म्हणजे माय, म्हणते, तू शिवते थे आपल्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीत दाखवलं त तांड्यातल्या म्हाताऱ्यायलेही समजन. मी चॅनल काढलं त चालन का, ताई? पण मले बोलता नाही येत. मोबाईल समोर आला की मी गप होते."

बोल म्हणणारं कुणी नसलं की मोबाईलसमोर गप कोण होतं, हे मला तेव्हा चांगलंच कळलं.

ती गेल्यावर मी यादी फाडली आणि तिने सांगितलं तसे इअरफोन लावून सगळे जुने व्हिडिओ पहिल्यापासून ऐकले. ज्यांना पल्लवी खराब म्हणाली, त्या प्रत्येकात तुम्ही आहात. कुठे पूर्ण, कुठे नुसतं "हं". एकात तर फक्त फुंकर आहे, पण ती तुमची आहे. मला कापता येत नव्हतं म्हणून तुम्ही वाचलात. चांगलं शिकले आणि तुम्हाला घालवून बसले. माझ्या अडाणीपणाचे एवढे उपकार मी कधी मानले नव्हते.

आजींना नेण्याची तयारी दिसतेय. मुलगा पोचला वाटतं. आता आटोपतं घेते, मलाही जायला हवं.

दोन गोष्टी करणार आहे. आजींची तेरवी झाली की खिडकी उघडून मी व्हिडिओ करीन, आणि तो ब्लाऊजचा नसेल. ज्या व्हिडिओखाली त्या माणसाने लिहिलं होतं, त्याच्याच खाली त्याची लिंक लावीन. ज्या गल्लीत चूक झाली त्याच गल्लीत. सांगीन की मागे बडबडणारे ते माझे वडील, पुकारणं त्यांचं काम होतं, मला बोलायला त्यांनी शिकवलं आणि मी त्यांना गप बसवलं. आणि शाळेतल्या त्या मुलींपैकी कुणी पाहत असेल तर तिलाही कळू दे. सुरुवातीला मोबाईलवर नखाने टक टक करीन आणि बोलायच्या आधी तुमच्या तीन शब्दांपुरती जागा मोकळी सोडीन. ती कापणार नाही.

दुसरं असं, की त्यानंतरच्या रविवारी मी दिग्रसच्या गाडीत बसणार आहे. कविताचा पहिला व्हिडिओ आहे, आणि मोबाईल मी धरणार आहे. ती गप होईल, मला माहीत आहे. तिचे हात कापडावर थांबतील, नजर खाली जाईल. बाबा, तेव्हा मी बोट वर करणार नाही. तोंडाने म्हणीन, मोठ्याने म्हणीन, तुम्ही म्हणायचात तसंच म्हणीन. तिला उद्या व्हिडिओ नीट कापता यायला लागला आणि तिने माझा आवाज काढून टाकला तर खुशाल काढू दे. ती बोलली म्हणजे झालं.

तुमची,
भोंग्याची पोरगी
रेखा